वाजस, पन दम नही

लग्नसराई उरकली की शहाद्यातल्या माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर नव्याकोऱ्या सामानाची गर्दी होते. आंदणात आलेलं होम थिएटर, सुरतेहून आणलेले टॉवर स्पीकर, गावच्या सुताराकडून प्लायमध्ये बांधून घेतलेले बारा इंची बॉक्स. मालक वेगवेगळे, तक्रार एकच: "दादा, वाजस, पन दम नही." पाठोपाठ येणारा प्रश्नही ठरलेला. याहून जास्त वॅटची मशीन कुठे मिळेल?

मशीन म्हणजे ॲम्प्लिफायर. मी आधी तिच्याकडे बघतच नाही. बॉक्स फिरवतो आणि पाठीमागच्या तारा बघतो. पुष्कळदा दोष तिथेच सापडतो: एका बॉक्सची लाल तार लाल टर्मिनलमध्ये, दुसऱ्याची लाल तार काळ्यात. ती सुलटी केली की गिऱ्हाईक माझ्याकडे संशयाने पाहतं, कारण सामान तेच आहे आणि ढोलकी मात्र एकदम खोलीत आली. एवढ्या कामाचे पैसे किती मागायचे, हा तेवढा अवघड प्रश्न उरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. घरातला आवाज बिघडतो तो बहुतेक वेळा जोडणीत, आणि जोडणीतली खोट लोक आवाज वाढवून झाकायला बघतात. गल्लीत रात्री जो दणदणाट ऐकू येतो त्यात हौसेचा वाटा आहेच, पण बॉक्सच्या पाठीशी झालेल्या घोळाचाही आहे. दुकानदार वॅट सांगून माल खपवतो, गिऱ्हाईक वॅट ऐकून खिशात हात घालतं, आणि पाठीवर छापलेला ओहमचा आकडा दोघंही वाचत नाहीत.

तार उलटी जोडली तर नेमकं होतं काय? स्पीकरचा कागदी पडदा विजेच्या इशाऱ्यावर पुढे-मागे हलतो. हे यंत्र मुळात १९२५ सालचं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या राईस आणि केलॉग या दोघांनी चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्याचा स्पीकर मांडून दाखवला, आणि आजचा बारा इंची वूफरही त्याच तत्त्वावर चालतो. प्लसवर प्लस आलं की पडदा पुढे येतो. दोन्ही बॉक्स सारखे जोडले असतील तर दोन्ही पडदे एकाच क्षणी हवा ढकलतात. एक उलटा असेल तर एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. औताला दोन बैलांपैकी एक मागे तोंड करून जुंपावा, तसला हा प्रकार.

यात मार बसतो तो खर्जाला. ५० हर्ट्झच्या सुराची लाट जवळपास सात मीटर लांब असते. आपली बैठकीची खोली दहा बाय बाराची. एवढ्याशा जागेत दोन उलट्या लाटा कानापर्यंत वेगळ्या पोचूच शकत नाहीत, त्या एकमेकींना खाऊन टाकतात. तीव्र सुरांच्या लाटा काही सेंटिमीटरच्या, त्या कुठे मिटतात तर कुठे उरतात. म्हणून गाणं ऐकू येतं, शब्द कळतात, पण ढोलक, बेस, डफाचा ठोका गायब. 'वाजस, पन दम नही' याची शास्त्रीय फोड इतकीच आहे. आता यावर मशीन दुप्पट वॅटची आणली तर आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायचा तर साधारण दहापट ताकद लागते. आणि उलट्या तारेने मारलेला खर्ज त्यातूनही मिटतच राहतो. वाढते ती नुसती किरकिर.

तपासायचं कसं, तर लताबाईंचं १९५०-६० च्या काळातलं कुठलंही गाणं लावा. त्या काळची ध्वनिमुद्रणं मोनो, म्हणजे दोन्ही बॉक्समधून एकच आवाज यायला हवा. दोन्हींच्या बरोबर मध्ये, समोर बसा. जोडणी सुलटी असेल तर बाई दोन बॉक्सच्या मधोमध उभ्या राहून गाताहेत असं वाटतं, जिथे खरं तर काहीच ठेवलेलं नाही. उलटी असेल तर आवाज कुठून येतोय ते कळत नाही, डोक्याच्या आजूबाजूला पसरल्यासारखा होतो. मग मशीन बंद करून एकाच बॉक्सच्या दोन तारा अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका. दोन्हींतली जी जोडणी भरीव लागेल ती बरोबर. मात्र गाणं मूळ स्वरूपातलं घ्या, झंकार बीट्स मिसळलेलं नको. तो प्रकार सुलट्या तारेवरही सहन होत नाही.

ज्यांना डोळ्यांनी बघायचं आहे त्यांनी बॉक्स मशीनपासून सोडवावा, पुढची जाळी काढावी आणि पेन्सिल सेलची दोन टोकं क्षणभर तारांना लावावीत. पडदा बाहेर आला तर सेलच्या प्लसला लागलेली तार बॉक्सची प्लस. दीड व्होल्टने वूफरला काही होत नाही, पण सेल धरून ठेवू नका. एक सांगायला हवं: बॉक्स उघडला आणि आतल्या ट्वीटरची, म्हणजे तीव्र सुरांच्या छोट्या स्पीकरची, तार उलटी दिसली, तर घाईने ती सुलटी करायला जाऊ नका. काही क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, ती मुद्दामच उलटी ठेवलेली असते. तिथे बनवणाऱ्याने विचार केलेला असतो.

दुसरा घोळ महाग पडतो. त्यात आवाज मरत नाही, मशीन मरते. मशीनच्या पाठीवर '४ ते ८ ओहम' असं लिहिलेलं असतं. माणूस ८ ओहमचा एक बॉक्स लावतो, छान वाजतो. मग दुसरा आणून त्याच टर्मिनलवर टाकतो. दिवाळीला भाचा आणखी दोन आणतो, तेही तिथेच. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धाराविद्युत नावाचा पाठ आहे, त्यात रोधांची एकसर आणि समांतर जोडणी शिकवतात. तीच इथे लागू. आठचे दोन समांतर म्हणजे चार ओहम, चार समांतर म्हणजे दोन. मशीन वीस व्होल्ट देत असेल तर आठ ओहमला अडीच अँपिअर जातील, चारला पाच, दोनला दहा. दहा अँपिअर झेपण्याआधीच आतल्या आयसीची राख होते. वैशाखात उघड्या जमिनीवर पाय ठेववत नाही असल्या उन्हात, पत्र्याच्या घरात, पंख्याविना ठेवलेली मशीन असेल तर आणखी लवकर.

चार बॉक्स लावायचेच असतील तर त्यालाही वाट आहे. दोन-दोनच्या एकसर जोड्या करायच्या, प्रत्येक जोडी सोळा ओहमची होते, आणि त्या दोन जोड्या समांतर लावल्या की परत आठ. चारही बॉक्स सारखे हवेत एवढीच अट. हे मी गिऱ्हाइकाला पावतीच्या पाठीवर काढून देतो. नववी पास झालेलं पोरगं सोबत असलं तर ते आधी ओशाळतं, मग झटकन समजतं. परीक्षेत त्याने हे गणित सोडवलेलं असतं, त्याचा बॉक्सशी संबंध आहे हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं.

जुन्या होम थिएटरचे छोटे बॉक्स तर जास्त फसवे. मूळ मशीन खराब झाली की ती भंगारात जाते, आणि बॉक्स चांगले दिसतात म्हणून असेंबल केलेल्या मशीनला लावले जातात. त्यातले कितीतरी ३ ओहमचे असतात. पाठीवरचं लेबल निघालेलं असेल तर दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर लावावा. आठ ओहमचा स्पीकर त्यावर साधारण सहा-सात दाखवतो, चारचा तीन-साडेतीन. मीटर दोन-अडीचवर थांबलं तर सावध व्हा.

तिसरा प्रकार गावाकडच्या भजनी मंडळांचा आणि देवळांचा. देवळातली मशीन वेगळ्या जातीची असते. तिच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० आणि १०० व्होल्टचीही टर्मिनल असतात. शिखरावरच्या कर्ण्यापर्यंत किंवा चावडीपर्यंत लांब तार न्यायची म्हणून ही सोय. साठ वॅट शंभर व्होल्टने पाठवले तर तारेतून अर्ध्या अँपिअरहून थोडी जास्त वीज जाते, आठ ओहमवर तेवढेच वॅट न्यायचे तर पावणेतीन अँपिअर. महावितरण शेतापर्यंत अकरा हजार व्होल्टची लाईन का आणतं, त्याचं कारण हेच. पण तिकडे कर्ण्यापाशी व्होल्ट उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. सप्ताह संपला, मशीन कुणाच्या तरी घरी आली, आणि कुणी हौसेने घरचे बॉक्स शंभर व्होल्टवर लावले की पहिल्या टाळीलाच धूर. शंभर व्होल्ट आठ ओहमवर म्हणजे हिशेबाने साडेबाराशे वॅट. मशीनमध्ये तेवढा जीव नसतो, बॉक्समध्ये तर नसतोच. दोन्ही पक्ष लढाईत पडतात. अशा मशीनला घरचे बॉक्स लावायचे तर आपला ओहम बघून त्याच टर्मिनलवर लावावेत, आणि शंभर व्होल्टच्या स्क्रूवर चिकटपट्टी मारून ठेवावी.

आता सातपुड्याचं सांगतो, कारण तिथली गोष्ट शहरातल्या कुठल्याही माहितीपत्रकात नसते. धडगाव आणि अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यांमध्ये वीज अनेक ठिकाणी उशिरा पोचली, काही ठिकाणी पोचूनही भरवशाची नाही. तिथल्या घरात सोलर प्लेट, एक बॅटरी आणि गाडीचा टेप असा संच असतो. टेप मोबाइलला जोडलेला, त्यावर टिमली नाचाची गाणी, आणि दारात लाकडी बॉक्स. संच मला आवडतो. काटकसरीचा आहे, आणि बॅटरीवर चालत असल्यामुळे विजेच्या झटक्याने जळत नाही. पण त्यात एक खोच आहे. जुन्या गाडीच्या टेपला स्पीकरची एक तार टेपमधून यायची आणि दुसरी गाडीच्या सांगाड्यावर टेकवली तरी चालायचं. जुन्या मिस्त्रींच्या हाताला ती सवय आहे. आजच्या टेपमधल्या आयसी ब्रिज पद्धतीच्या असतात, त्यात प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत. मायनस तार ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकवली, किंवा तार वाचवायला दोन बॉक्सची मायनस एकत्र करून तीनच तारा ओढल्या, तर टेप एकतर गप्प बसतो किंवा कायमचा जातो. म्हणून दोन बॉक्सना चार तारा हव्यात, मधे कुठेही गाठभेट नको. ट्रॅक्टरवर टेप बसवणाऱ्यांनी तर ही गोष्ट गोंदवून घ्यावी.

याच टेपच्या पुढच्या पट्टीवर '४ × ५० वॅट' असं लिहिलेलं असतं. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चार ओहमच्या स्पीकरला ब्रिज आयसी साधारण अठरा वॅट देऊ शकते, तेही कागदावर. एकेकाळी घरोघरी असेंबल मशीनमध्ये बसलेल्या ४४४० या आयसीची निर्माती सान्यो कंपनी स्टीरिओत सहा-सहा वॅट आणि ब्रिजमध्ये एकोणीस वॅट सांगत होती, आणि तीच आयसी बसवलेल्या डब्यांवर शेकड्यांनी वॅट लिहिलेले मी पाहिले आहेत. पीएमपीओ नावाखाली हजारांचे आकडे छापले जातात, त्यांना कसला आधार नसतो. खरा आकडा पाहायचा तर ॲडॉप्टर उलटा करा. बारा व्होल्ट, पाच अँपिअर लिहिलं असेल तर आत जाणारी वीजच साठ वॅटची, बाहेर पाचशे कुठून येणार? बॅलन्स शीटची भाषा समजणारे व्यापारीही इथे फसतात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

खोट्या वॅटचा तोटा ट्वीटरला होतो. लहान मशीन ताणून वाजवली की सुरांची टोकं कापली जातात, त्यातून तीव्र सुरांचा भलताच मारा सुटतो आणि नाजूक ट्वीटर जळतो. मालक म्हणतो, बॉक्स हलका निघाला. बॉक्स बिचारा ठीक असतो. सुतारी बॉक्समध्ये ट्वीटरच्या आधी कॅपॅसिटर लावायलाच विसरलेले असतात, ते वेगळं प्रकरण. आठ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरडचा नॉनपोलर कॅपॅसिटर लावला तर सव्वाचार हजार हर्ट्झच्या खालचे सूर क्रमाने अडतात. दहा-वीस रुपयांचं काम आहे.

तारेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. बॉक्स दहा मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन वीस मीटर धावते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या बारीक तारेत सुमारे ०.७ ओहम तिथेच खर्ची पडतो, दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत पाव ओहमही नाही. म्हणून घराच्या वायरिंगची दीड एमएमची तांब्याची लवचिक तार बास. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची तार स्वस्त मिळते, ती नको. आणि हजार रुपये मीटरची 'ऑडिओ' तार विकत घेणाऱ्याशी मी वाद घालत नाही, चहा पाजतो. दोन्ही बाजू पांढऱ्या असलेली चपटी तार घेतली असेल तर निरखून पाहा, पुष्कळदा एका बाजूला बारीक रेघ किंवा उंचवटा असतो. तीच प्लसला धरायची. तारेचं टोक सोलल्यावर नीट पिळा. बाहेर राहिलेला केसाएवढा धागा शेजारच्या टर्मिनलला टेकला तर सगळं शहाणपण वाया जातं. आणि हे सगळं मशीन बंद ठेवून करायचं.

लग्नाच्या वरातीत टेम्पोभर बॉक्स रचून टिमली वाजवणारे आमच्याकडचे बँडवाले आवाजाबद्दल सगळ्यात जास्त शिव्या खातात, आणि काही अंशी ते योग्यही आहे. पण जोडणीत ते लोक चोख असतात. त्यांच्या बॉक्सला खाच असलेला गोल फिरकीचा प्लग असतो, तो उलटा बसतच नाही. कोणता बॉक्स किती ओहमचा हे त्यांच्या पोरांना तोंडपाठ असतं. घरगुती सामानाला मात्र उघड्या तारा, स्प्रिंगचे चिमटे आणि इंग्रजी कागद. ज्याला काही माहीत नाही त्याच्याच हाती चूक करायला सगळ्यात सोपं सामान दिलं जातं.

कायदा घरालाही सोडत नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. तुमच्या घरातल्या बॉक्सचा आवाज तुमच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त जाता कामा नये, असंही त्यात लिहिलं आहे. नीट जोडलेले दोन साधे बॉक्स खोलीत भरपूर समाधान देतात आणि हद्दीवर शांत राहतात. उलट जोडलेले समाधानच देत नाहीत, म्हणून माणूस बटण फिरवत राहतो. पोलीस येऊन आवाज कमी करायला सांगतात, तार सुलटी करायला कोण सांगणार?

ते दुकानदाराने सांगावं, असं माझं मत आहे. टीव्ही घेतला की कंपनीचा माणूस घरी येऊन लावून देतो. पाच-दहा हजारांचे बॉक्स घेणाऱ्याला मात्र खोकं हातात देऊन वाटेला लावतात. शहादा, तळोदा, नवापूर, नंदुरबार, कुठल्याही पेठेत हेच चित्र. घरी जाणं जमत नसेल तर निदान दुकानातच एकदा जोडून दाखवा, आणि बॉक्सच्या पाठीवर मार्करने मराठीत ठळक लिहा: किती ओहम, खरे आरएमएस वॅट किती, प्लस कोणता. जास्त वॅटची मशीन खपवण्यात जो फायदा आहे तो यात नाही, हे मला कळतं. परत येणाऱ्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालण्यात जो वेळ जातो त्याचाही हिशेब एकदा मांडून पाहावा.

दुसरं मागणं शाळांकडे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळा पुष्कळ आहेत, जिल्हा परिषदेच्या आणि खासगी माध्यमिक शाळाही आहेत, आणि परिपाठासाठी मशीन आणि स्पीकर बहुतेक ठिकाणी असतात. धाराविद्युतचा पाठ आला की फळ्यावर नागमोडी रेघांचे रोध काढण्याऐवजी, किंवा काढून झाल्यावर, ऑफिसातून दोन जुने स्पीकर आणि मल्टिमीटर वर्गात आणा. एकसर मोजा, समांतर मोजा, मग सेल लावून पडदा कोणत्या बाजूला हलतो ते एकेका मुलाला बघू द्या. स्पीकरच्या जोडणीसाठी आठवी-नववीची मुलं धडगावाहून उतरून माझ्या टेबलापर्यंत यावीत, याची काही गरज नाही. सर तयार असतील तर सामान घेऊन मी येतो. फक्त शनिवार सोडून बोलवा, त्या दिवशी दुकानात मुंगी शिरायला जागा नसते.